वास काय सांगतो?

(घरातील यंत्रातून येणारा वास हा एक इशारा असतो. तो कसा ओळखावा व त्यानंतर काय करावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुरूड, श्रीवर्धन, रेवदंडा ही रायगड जिल्ह्यातील किनाऱ्यावरची गावे आहेत. येथील हवा दमट असते. पावसाळ्यात कपाट उघडले, की कपड्यांना कोंदट वास येतो. आता येथील अनेक घरांत वातानुकूलित यंत्र, म्हणजे एसी, आला आहे. कधी कधी त्यातूनही नकोसा वास येतो. मग कोणी अगरबत्ती लावतो, कोणी अत्तर शिंपडतो. वास झाकला जातो, पण त्याचे कारण तसेच राहते. हकीम नाडी पाहून आजाराचे कारण शोधतो. तसेच आपणही वासाचे कारण शोधले पाहिजे.

त्यासाठी एसीचे काम समजून घेऊ. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी हवेतील ओलावा कमी करणारी यंत्रणा तयार केली. आजचा एसीही हवा थंड करतो आणि तिच्यातील ओलावा काढतो. खोलीतील हवा जाळीतून आत जाते. आतल्या थंड नळ्यांना ती लागली, की तिच्यातील वाफेचे पाणी होते. थंड सरबताच्या पेल्याबाहेर थेंब जमतात, तसेच हे असते. ते पाणी खालच्या तबकात पडते व नळीतून बाहेर जाते.

घरातला एसी बहुधा खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. म्हणून आधी खोलीत शोध घ्यावा. तेथे सुके बोंबील ठेवले असतील किंवा शेजारी मासळी तळली जात असेल, तर तो दोष एसीचा नाही. खोलीत काही सापडले नाही, तर वासाचा प्रकार ओळखावा.

कोंदट वास : ओल्या नळ्यांवर धूळ साचली, की बुरशी वाढते. दम्याच्या रोग्याला अशी हवा त्रास देते. एसी बंद करून जाळी काढावी, पाण्याने धुवावी व पूर्ण सुकवून बसवावी. तरीही वास राहिला, तर आतील भाग मेकॅनिककडून साफ करून घ्यावा.

गटाराचा वास : पाण्याच्या नळीचे टोक गटारात बुडाले असेल, तर तेथील वास नळीतून घरात येतो. ते टोक गटारापासून वर, मोकळे ठेवावे.

कुजका वास : पाल किंवा उंदीर यंत्रात शिरून मेला असेल, तर असा वास येतो. भिंतीतील नळ्यांचे भोक नीट बुजवले, तर हे टळते.

जळका वास : हा सर्वांत धोक्याचा वास होय. तार किंवा प्लग तापून त्याचे प्लास्टिक जळू लागलेले असते. ताबडतोब मेन स्विच बंद करावा. गरम प्लगला हात लावू नये. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. वायरमनने तपासल्याशिवाय एसी पुन्हा सुरू करू नये.

काही बिघाडांना मात्र वास नसतो. बंदरावरच्या मासळीसाठी बर्फ तयार करणाऱ्या कारखान्यांत अमोनिया वापरतात. तो गळला, की नाक झोंबते. घरातल्या एसीतील वायूला मात्र फारसा वास नसतो. खारी हवा नळ्यांचा धातू झिजवते आणि वायू गळू लागतो. थंडावा कमी होणे, नळ्यांवर बर्फ जमणे ही त्याची लक्षणे असू शकतात. काही एसींमधील वायू पेटूही शकतो. म्हणून हे काम जाणकाराकडेच सोपवावे.

आता आणखी एक वास लक्षात ठेवा. तो एसीचा नाही, स्वयंपाकाच्या गॅसचा आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील न्यू लंडन गावच्या शाळेत गळलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला. सुमारे ३०० मुले व शिक्षक मरण पावले. त्या वायूला वास नव्हता, म्हणून गळती कोणालाच कळली नाही. आज आपल्या सिलिंडरमधील गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. हा वास आला, तर विजेचे एकही बटण चालू किंवा बंद करू नये. बटणातील लहानशी ठिणगीही स्फोट घडवू शकते. दारे-खिडक्या उघडाव्यात, शक्य असल्यास सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, सर्वांना बाहेर न्यावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

जळका वास आला, तर वीज बंद करायची. गॅसचा वास आला, तर बटणाला हातही लावायचा नाही. हा फरक घरातील लहानथोरांना ठाऊक असला पाहिजे. विद्यार्थी मित्रांनो, वास झाकू नका. तो काय सांगतो, ते ओळखा.

शब्दार्थ
दमट – ओलसर. कोंदट – बंद जागेतील, मोकळी नसलेली. तबक – पसरट भांडे. बुजवणे – भरून बंद करणे. गळती – थोडे थोडे बाहेर पडणे. उग्र – तीव्र.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एसीमध्ये पाणी कोठून येते?
(आ) सिलिंडरमधील गॅसमध्ये उग्र वासाचा पदार्थ का मिसळतात?
२. कारणे लिहा.
(अ) नुसती अगरबत्ती लावणे पुरेसे नाही.
(आ) गॅसचा वास आल्यावर विजेचे बटण दाबू नये.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : ओला, थंड, बंद, आत.
४. उपक्रम : या पाठातील सूचना घरातील मोठ्यांना वाचून दाखवा. मेन स्विच कोठे आहे, ते त्यांच्याकडून समजून घ्या.