चमचा आधी पालथा करा

न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमध्ये उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या खांबाला पुठ्ठा बांधलेला दिसला की समजायचं, कोणाकडे तरी गराज सेल आहे. अंगणात घडीची टेबलं मांडलेली असतात, त्यांवर पुस्तकं, मिक्सर, मुलांचे बूट, नाताळचे दिवे. प्रत्येक वस्तूवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर पेनाने घातलेली किंमत. आठला सेल असला तर जुन्या मालाचे व्यापारी सातलाच गाडी लावून उभे असतात. वीस वर्षं मी हे पाहते आहे आणि मला त्याचा नादच लागला आहे.

त्या जुलैत सेल होता आमच्यापासून दोन घरं पलीकडे. तिथल्या आजींचे यजमान आदल्या हिवाळ्यात गेले होते. घर विकून त्या ओहायोला मुलाकडे निघाल्या होत्या. तळघरातली खोकी वर आणायला भाचा आला होता आणि त्याने दिसेल त्यावर सरसकट चिकटपट्ट्या लावल्या होत्या. एका बुटांच्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले, रबरबँड लावलेले काळे पडलेले काटे-चमचे होते. बारा काटे, बारा चहाचे चमचे आणि वाढायचा एक मोठा चमचा. पट्टीवर लिहिलं होतं वीस डॉलर. शेजारी मेणबत्तीचे दोन जड स्टँड होते, ते पंधराला. मी दोन्ही घेतलं. आजी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "वापरा हं, नुसते ठेवू नका."

चमचे काळे होते म्हणूनच मी ते घेतले, कारण त्याआधी चकचकीत मालाने मला फसवलं होतं. खरं तर मीच फसले होते. दोन वर्षांपूर्वी साठ डॉलर देऊन मी एक चहाचा सेट आणला होता. त्याच्या बुडावर १८४७ हा आकडा कोरलेला. इतकी जुनी चांदी आपल्याला मिळाली म्हणून मी आठवडाभर आनंदात होते. नंतर कळलं की १८४७ हा त्या मालाच्या नावाचाच भाग आहे. तो आकडा पुढे कित्येक दशकं तशाच भांड्यांवर पडत राहिला आणि ती सगळी मुलाम्याची होती. विजेने मुलामा देण्याचं पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतलं. तेव्हापासून चांदीसारखी दिसणारी भांडी मध्यमवर्गाच्या टेबलावर आली. आज गराज सेलमध्ये 'चांदी' म्हणून जे मांडलेलं असतं, त्यातलं बहुतेक हेच.

चमचे घरी आणले आणि मी पहिली चूक केली. आई देवाची भांडी जशी घासायची तशीच मी बसले घासायला, पांढरी दंतमंजन पावडर आणि ओलं फडकं घेऊन. जिथे काळेपणा गेला नाही तिथे पातेल्यात अॅल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा आणि उकळतं पाणी. वास आला, पाणी गढूळ झालं आणि चमचे पांढरेफटक निघाले. मला फार बरं वाटलं. आता सांगते, हे करू नका. चांदी मऊ असते. मंजनाने तिच्यावर बारीक ओरखडे उठतात आणि ते निघत नाहीत. फॉइलच्या पाण्याने काळेपणा सरसकट जातो, पण नक्षीच्या खाचांमधला काळेपणा मुद्दाम राखायचा असतो. त्याच्यामुळेच फूल फुलासारखं दिसतं आणि अक्षर वाचता येतं. कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ सुती फडकं एवढं पुरे. त्याहून जास्त लागलं तर चांदीसाठीच मिळणारी मलई बोटभर घ्यावी, तीही कडेकडेने. रबरबँड मात्र ताबडतोब काढावे, कारण रबरातल्या गंधकाने चांदीवर काळे पट्टे उठतात. माझ्या चार काट्यांवर ते होते.

आठवड्याने माझी नाशिकची मैत्रीण आली. तिच्या माहेरी सराफी. श्रीखंड वाढायला मी तो मोठा चमचा काढला. तिने तो हातात घेतला, वजन पाहिलं आणि म्हणाली, "अगं, चमचा आधी पालथा कर ना!" मग खिडकीपाशी नेऊन तिने पर्समधलं दहा पटीचं भिंग काढलं. दांड्याच्या मागे, बोटाच्या पेराएवढ्या जागेत तीन ठसे होते: एक चालता सिंह, एक नांगर आणि वळणदार जी. त्यांच्या पुढे शब्द होता, स्टर्लिंग.

ते ठसे प्रॉव्हिडन्सच्या गोरहॅमचे. १८३१ मध्ये सुरू झालेली ही पेढी. १८६८ मध्ये त्यांनी स्टर्लिंगचा कस स्वीकारला. त्याआधी अमेरिकेत नव्वद टक्क्यांची 'कॉइन सिल्व्हर' चाले. स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. निव्वळ चांदी इतकी मऊ की काटा वाकेल, म्हणून तांबं घालायचं. "आपल्या भाषेत साडेब्याण्णव टंच," मैत्रीण म्हणाली.

तिने त्या दुपारी जे शिकवलं ते मी आजही तसंच करते. अमेरिकन माल असेल तर स्टर्लिंग हा पूर्ण शब्द शोधायचा किंवा ९२५ हा आकडा. इंग्लिश असेल तर शब्द बहुधा नसतोच, ठशांची ओळ असते. त्यात चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि एक अक्षर त्या वर्षाचं. बर्मिंगहॅमला समुद्र नाही, तरी नांगर त्यांचाच. इंग्लंडमध्ये सिंहाचा ठसा १५४४ पासून पडतो आहे. माझ्या चमच्यांवरही सिंह आणि नांगर होते, पण ते गोरहॅमचं स्वतःचं चिन्ह. म्हणून एकच ठसा पाहून निकाल द्यायचा नाही, सगळी ओळ वाचायची. ईपीएनएस ही अक्षरं दिसली की तो मुलामा. क्वाड्रुपल प्लेट म्हणजे जाड मुलामा, पण मुलामाच. आणि जर्मन सिल्व्हर किंवा निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, त्यात चांदीचा अंशही नाही. हे आपल्या बायकांना वेगळं सांगायला नको. हळदीकुंकवाच्या वाणाला जर्मन सिल्व्हरच्या वाट्या आपण सगळ्यांनीच लुटल्या आहेत.

ठसा झिजलेला असेल तर चमचा टेबलावर जिथे टेकतो ती जागा बघावी. मुलामा तिथे पहिल्यांदा उडतो आणि खालचा पिवळसर किंवा तांबूस धातू दिसतो. लोहचुंबकावर फार विसंबू नये. चुंबकाला चिकटलं तर ती चांदी नाही हे खरं, पण पितळ, तांबं आणि जर्मन सिल्व्हरसुद्धा चिकटत नाही. तेजाबाची बाटली मागवून घरी प्रयोग करू नयेत. हात भाजतो आणि वस्तूवर कायमचा डाग पडतो.

मैत्रीण गेली आणि मी दोन घरं पलीकडे जायला हवं होतं. आजी अजून तिथेच होत्या, ऑगस्टच्या शेवटी निघणार होत्या. मी मनाशी म्हटलं, सौदा झाला तो झाला, किंमत त्यांनीच लावली होती. नवरा एकदा म्हणाला, "सांगून तर बघ." मी विषय बदलला. यावर माझं मत आता पक्कं झालं आहे. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून तुम्ही पारख करून स्वस्तात काही उचललंत तर ती तुमच्या डोळ्यांची कमाई. पण नवरा गेलेली, घर आवरणारी, किंमत दुसऱ्याच्या हातून लागलेली म्हातारी बाई व्यापारी नसते. तिला सांगायचं. ती बहुधा म्हणेल, ठेव तुझ्याकडेच. पण म्हणायची संधी तिला मिळायला हवी.

मी मात्र हिशेब मांडत बसले. चमच्यांवर तीन अक्षरं गुंफून कोरलेली होती. दुसऱ्याच्या आद्याक्षरांचे चमचे आपण किती वापरणार, असं मला वाटलं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर काटे आणि चहाचे चमचे मिळून ९१२ ग्रॅम भरले. मोठा चमचा श्रीखंडासाठी ठेवून घेतला. स्टँड दोन्ही मिळून किलोच्या वर. सगळं पिशवीत घालून हमरस्त्यावरच्या एका सोनं-चांदी विकत घेणाऱ्या दुकानात गेले.

दुकानदाराने आधी स्टँड घेतले. बुडावर स्टर्लिंगच्या पुढे वेटेड असा शब्द होता आणि मी तो वाचूनही सोडून दिला होता. त्याने पकडीने कड धरून ओढली. पत्रा कागदासारखा सोलून निघाला आणि आतून काळ्या डांबरासारख्या भराचे खडे काउंटरवर पडले. किलोभराच्या जोडीत चांदीचा पत्रा निघाला सत्तर-पंच्याहत्तर ग्रॅम. बसक्या बुडाचे स्टँड, मिठाच्या-मिऱ्याच्या कुप्या, उंच फळपात्रं, सगळ्यांचं असंच असतं. सुऱ्यांचंही तसंच: मूठ चांदीची, पण पोकळ आणि भरलेली, आणि पातं पोलादाचं. त्यांचं वजन कधीच पूर्ण धरू नये.

मग काटे-चमचे. त्याने भाव ग्रॅमचा सांगितला. पण वजनकाट्यावर आकडा आला ५८६. घरी ९१२, इथे ५८६. मी तो फरक पाहिला. पण आपल्याकडे मोड घालताना सोनार घट धरतोच, तशीच ही घट असेल असं मी समजले आणि पैसे घेऊन बाहेर पडले. आकड्याशेजारी डीडब्ल्यूटी ही बारीक अक्षरं होती. ते पेनीवेट. एक पेनीवेट म्हणजे १.५५५ ग्रॅम, आणि वीस पेनीवेटांचा एक ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅमचा. वजन मोठ्या मापाने घेऊन पैसे लहान मापाने दिले की तिसऱ्या हिश्श्याहून जास्त चांदी फुकट जाते. माझी ३२६ ग्रॅम गेली. ही फसवणूक जुनी आणि सर्रास आहे.

म्हणून निघण्याआधी स्वतः आकडा काढा. ग्रॅमला ३१.१ ने भागा, ०.९२५ ने गुणा, आणि येईल त्याला त्या दिवशीच्या औंसाच्या भावाने गुणा. माझ्या ९१२ ग्रॅमांत साधारण २७ औंस निव्वळ चांदी होती. स्वयंपाकघरातला औंस २८.३५ ग्रॅमचा असतो, तो इथे चालत नाही. दुकानदार पूर्ण रक्कम देणार नाही, गाळायचा खर्च आणि नफा तो काढणारच. पण तो किती काढतो ते तुम्हाला कळायला हवं. किमान तीन ठिकाणी विचारा आणि वजनाचं एकक तोंडाने वदवून घ्या.

आणि मोडीत घालणं हा शेवटचा उपाय. काट्या-चमच्यांच्या प्रत्येक नक्षीला नाव असतं. १८९५ ची गोरहॅमची शँटिली नक्षी आजही लोक एकेका काट्यासाठी शोधतात, कारण कोणाच्या तरी घरच्या बारातला एक हरवलेला असतो. दुर्मीळ नक्षीला वितळवण्याच्या भावापेक्षा जास्त पैसे मिळू शकतात. १९८० च्या जानेवारीत चांदी पन्नास डॉलरच्या जवळ गेली, तेव्हा अमेरिकेतल्या किती घरांतली भांडी भट्टीत गेली त्याच्या कथा इथले जुने लोक सांगतात.

ऑक्टोबरात दारावरची घंटा वाजली. आजींची नात आली होती, घराच्या विक्रीची उरलेली कागदपत्रं पुरी करायला. वसंतात तिचं लग्न होतं. आजीने ती लहान असतानाच कबूल केलेलं होतं की पणजीचे चमचे तुझे. आवराआवरीत आजी ते विसरल्या होत्या आणि भाच्याला ठाऊक नव्हतं. "तुम्ही घेतलेत असं आजीला आठवतं," ती म्हणाली. "मी पैसे देते. तुम्ही म्हणाल तेवढे."

ती तीन अक्षरं पणजीच्या माहेरच्या नावाची होती. इथे पूर्वी नवरीची चांदी अनेकदा तिच्या लग्नाआधीच्या नावाने कोरत, कारण ती तिची स्वतःची मालमत्ता. आपण भांड्यांवर नाव घालतो तसंच. माझ्या आईच्या चांदीच्या फुलपात्रावर तिच्या माहेरचं नाव आणि लग्नाची तारीख आहे. ते फुलपात्र कोणी मोडीत घातलं असतं तर मी काय केलं असतं, हा विचार मला तोवर शिवला नव्हता.

मी तिला खरं ते सांगितलं. दुकानात लगेच फोन केला, पण माल केव्हाच गाळायला गेला होता. ती रागावली नाही. नुसती उभी राहिली. मग मी स्वयंपाकघरातून मोठा चमचा आणून तिच्या हातात दिला.

तिने दांड्यावर अंगठा फिरवला आणि विचारलं, "अक्षरं कुठे आहेत?" ती होती, पण खाचांमधला काळेपणा मीच उकळून काढला होता आणि पांढऱ्यावर पांढरं दिसत नव्हतं. मी तिला खिडकीपाशी नेलं. चमचा उन्हात तिरपा धरला तेव्हा पहिलं अक्षर दिसलं, मग आणखी थोडा वळवल्यावर दुसरं. तिसऱ्यासाठी आम्हाला बराच वेळ लागला.