पोर जेटीवर येते, ते शिकायला की राबायला?



मासेमारी बंदी ३१ जुलैला उठेल. जाळी शिवून झाली, इंजिनांची कामे उरकत आली, आता जो तो ट्रॉलर मालक खलाशी शोधतोय. म्हणून हा पाठ आत्ताच घेत आहोत. विषय आहे मुलांचे काम. कायदा काय सांगतो, आणि त्याने मुलांना काम करायची सूट द्यावी का?

मागच्या बैठकीत एका सभासदाने विचारले, "आम्ही दहाव्या वर्षी बापाबरोबर रापण ओढली, त्यातून धंदा शिकलो. आता पोराला बरोबर नेले तर आम्ही गुन्हेगार?" प्रश्न रास्त आहे. आमच्यातल्या बऱ्याच जणांचे हात असेच तयार झाले. पण मागे बसलेली एक ताई म्हणाली, "तुमच्या बरोबर रापण ओढणाऱ्यांतले किती जण सातवीच्या पुढे गेले, ते पण सांगा." त्यावर कोणी बोलले नाही.

आता कायदा बघूया.

१) १४ वर्षांखालील मूल: बालकामगार कायदा १९८६ चा. तेव्हा त्यात फक्त यादीतली धोक्याची कामे बंद होती. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. सूट दोनच. एक कलाकार मुलांना, आणि दुसरी घरच्या धंद्यात मदत करणाऱ्या मुलांना, तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत.

२) "घरचा धंदा" म्हणजे काय: कायद्यात कुटुंब म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण, काका, आत्या, मामा, मावशी. शेजारी, गाववाला, बोटीतला भागीदार त्यात येत नाही. २०१७ च्या नियमांप्रमाणे मदत दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नको. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत अजिबात नको. शाळा बुडता कामा नये. आणि मोठ्या माणसाच्या जागी मुलाला उभे करायचे नाही.

३) धोक्याची कामे: ज्या कामांत १४ वर्षांखालच्या मुलाने घरच्यांनाही मदत करायची नाही, त्या यादीत यांत्रिक मासेमारी आहे. म्हणजे ट्रॉलर बापाचा असला तरी मूल त्यावर कामाला चढणार नाही. हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नव्हते. आम्हालाही नियम वाचल्यावरच कळले.

४) १४ ते १८ वयाची मुले: यांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. बाकीच्या कामातही दिवसाला विश्रांती धरून सहा तासच, रात्री ७ नंतर काम नाही, आठवड्याला एक सुट्टी, आणि जन्मतारखेसकट नोंदवही. रात्र रात्र जाळे ओढणाऱ्या, चार-पाच दिवस बाहेर राहणाऱ्या ट्रॉलरवर हे कसे पाळणार, तुम्हीच सांगा.

५) शिक्षा: मालकाला ६ महिने ते २ वर्षे कैद, किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आईवडिलांना पहिल्या वेळी शिक्षा नाही, पुन्हा तेच केले तर १० हजारांपर्यंत दंड.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना आम्हालाच लाज वाटते.

दोन हंगामांपूर्वी परराज्यातल्या खलाशांबरोबर एक पोर जेटीवर आले होते. मिसरूडही फुटलेले नव्हते. बर्फ भरायचे, क्रेट ओढायचे, ट्रॉलरवर जायचे. वय विचारले की "अठरा" म्हणायचे. आम्ही मान हलवून पुढे जायचो. मालक आपला सभासद, आणि त्याला खलाशी मिळत नव्हते. एका रात्री विंचच्या दोरीत पोराचा हात सापडला. दोन बोटे गेली. खलाशांच्या यादीत त्याचे नावच नव्हते, त्यामुळे विम्याचा प्रश्नच आला नाही. मालकाने थोडे पैसे हातावर ठेवले आणि पोर गावी गेले. त्या रात्री त्याच्या वयाची आमची मुले घरी झोपली होती.

आपल्या पोराला एक न्याय आणि दुसऱ्याच्या पोराला दुसरा, हे आम्ही तेव्हा केले. पुन्हा करायचे नाही.

मग सूट असावी की नसावी? घरच्या मदतीची सूट सगळीच काढून टाकावी असे आम्हाला वाटत नाही. वारा कसा फिरतो, भरती कधी लागते, ताजा बांगडा कसा ओळखायचा, फाटलेल्या जाळ्याला गाठ कशी मारायची, हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. सुट्टीच्या दिवशी पोर आजोबांशेजारी बसून हे शिकले तर धंदा पुढे चालेल. पण ही सूट आणखी वाढवावी, हे आम्हाला मान्य नाही. पोर अर्ध्या पगारात मिळाले की मोठ्या खलाशाचाही पगार पडतो, आणि शाळा सुटलेले पोर उद्या त्याच अर्ध्या पगाराचा खलाशी होते.

ओळखायची खूण सोपी आहे. पोर आज आले नाही तर काम अडेल का? अडत नसेल तर ते शिकतेय. अडत असेल तर ते राबतेय.

१ ऑगस्टच्या आधी बोट मालकांनी एवढे करावे:

– प्रत्येक खलाशाचा जन्माचा किंवा शाळेचा दाखला बघून नाव यादीत घालावे. फक्त तोंडी वयावर विसंबू नये.
– वयाबद्दल शंका असेल तर त्याला बोटीवर घेऊ नये आणि संस्थेच्या कार्यालयात कळवावे.
– खलाशाबरोबर आलेले लहान मूल जेटीवर राहत असेल तर त्याला जवळच्या शाळेत घालायला संस्था मदत करेल. ६ ते १४ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, ते मूल कुठल्याही राज्याचे असो.
– मूल कामावर दिसले तर १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो. फोनला पैसे पडत नाहीत.

पुढच्या बैठकीला येताना घरी एकदा हा पाठ मोठ्याने वाचा. मुलांनाही बसवा. त्यांना काय वाटते ते ऐकून या.



– सचिव, संस्थेच्या वतीने