पवारणा आणि कामाची वही

नोकरीवर रुजू होताना आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी विचारायला कोणी नव्हते. कचेरीतील टिपणी कशी मांडावी, रुग्णाच्या नातेवाइकाला वाईट बातमी कशी सांगावी, हे पिढीजात नोकरदार घरातील मुलाच्या कानावर जेवता-जेवता पडते. वसतिगृहातून गेलेला मुलगा ते चुका करीत शिकतो, आणि त्याची चूक त्याच्या एकट्याची न राहता साऱ्या समाजाच्या नावावर मांडली जाते. म्हणून कामावरचे शिक्षण हा आपल्यासाठी हौसेचा विषय नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. कोसल जनपदातील काही भिक्षूंनी वर्षावासाचे तीन महिने एकमेकांशी बोलायचेच नाही, असे ठरविले. भांडण नको, दिवस सुखाने जावेत, हा हेतू. पाण्याचा घडा उचलायला मदत हवी असेल तर हाताने खूण करायची. हे त्यांनी मोठ्या समाधानाने तथागतांना सांगितले. तथागतांनी त्यांची निर्भर्त्सना केली; जनावरे एकत्र राहतात तसे तुम्ही राहिलात, असे म्हटले आणि पवारणेचा विधी घालून दिला. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्षूने संघाला विनवायचे, की माझा दोष पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल तर अनुकंपेने सांगावा, मी तो सुधारीन. आरंभ ज्येष्ठ भिक्षूने करायचा. आपल्या कचेऱ्यांत मात्र दोष ऐकून घेण्याचा पहिला मान नवख्याला मिळतो!

या विधीला आजच्या कामात उतरवायचे तर एक साधी वही पुरे. आठवड्यातून एकदा, अर्धे पान. काय करायला गेलो, प्रत्यक्षात काय झाले, पुढच्या वेळी काय बदलणार. 'अपूर्णांक शिकविले' ही नोंद निरुपयोगी आहे. 'पाव आणि अर्धा यांत पाव मोठा, असे सात मुलांनी सांगितले, कारण चार हा आकडा दोनपेक्षा मोठा; उद्या भाकरी मोडून दाखवीन' ही नोंद दुसऱ्या शिक्षकाच्या उपयोगी पडते. रुग्णाचे वा विद्यार्थ्याचे नाव लिहू नये. साहेबाविषयीची तक्रारही या वहीत नको. तिची जागा वेगळी आहे.

वही पेटीत राहिली तर ती रोजनिशी होते, सहकाऱ्याने वाचली तरच शिक्षण. सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा भंगारात गेलेली यंत्रे सर्वांना दिसली. मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या जॉबरच्या कानातले ज्ञानही त्याच्याबरोबर घरी गेले. ते कोणी लिहून घेतले नाही.

उलट उदाहरणही याच जिल्ह्यातले आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कविता, पाठ, स्वाध्याय मुलांना त्यांतून ऐकता-पाहता येऊ लागले. ही युक्ती एका वर्गाच्या चार भिंतींत राहिली नाही; पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. 3 डिसेंबर 2020 रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली.

आपल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात सत्कार व भोजन यांना भरपूर वेळ मिळतो. त्यातला एक तास काढून शिक्षक, परिचारिका, वाहक, लिपिक यांनी आपापल्या वहीतले एकेक पान वाचावे. पहिले पान निवृत्तीला आलेल्यांचे असावे, आणि ते फसलेल्या कामाचे असावे.