मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

सपाट नकाशावर पट्टी ठेवून दूरच्या शहरांमधील हवाई अंतर मोजता येत नाही. कारण पृथ्वी गोल आहे. गोलावरील सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे बृहद्वृत्ताचा कंस होय.

मुंबई १९° उत्तर, ७३° पूर्व आणि लंडन ५१.५° उत्तर, ०° रेखांश असे धरू. कंसाचा कोन 'क' मानल्यास,

कोज्या क = ज्या १९° × ज्या ५१.५° + कोज्या १९° × कोज्या ५१.५° × कोज्या ७३°

याचे उत्तर ०.४२७, म्हणून क सुमारे ६४.७°. एका अंशास १११.२ कि.मी. या हिशेबाने अंतर सुमारे ७,२०० कि.मी. भरते.

ताशी ९०० कि.मी. वेगाने हे आठ तासांचे अंतर. परंतु या मार्गावर उंचावरील वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात. ते सरासरी ताशी १०० कि.मी. असल्यास जाताना नऊ तास लागतील, येताना सव्वासात पुरतील. वळसे व चढउतार यांचा वेळ निराळा.

घड्याळाने मात्र फसू नये. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे असते. मुंबईहून दुपारी दोनला निघून नऊ तासांनी पोहोचल्यास तेथे सायंकाळचे साडेपाचच वाजलेले असतात! म्हणून वजाबाकीपूर्वी दोन्ही वेळा एकाच प्रमाणवेळेत आणाव्यात.