आधी विचारपूस

घरात कुणी आजारी पडलं की आपण औषध आणतो. ते बरोबरच आहे. पण उशाशी बसून, "कसं वाटतंय? जीव घाबरतोय का?" असं किती जण विचारतात? औषधानं ताप उतरतो. मन हलकं व्हायला विचारपूस लागते. हेमलकशाची हकिगत वाचा, म्हणजे पटेल.

हेमलकसा हे गाव भामरागड तालुक्यात आहे. चहूकडे दाट जंगल. हा भाग आता गडचिरोली जिल्ह्यात येतो. १९८२ पूर्वी तो चंद्रपूर जिल्ह्यात होता. इथं माडिया गोंड लोक राहतात. १९७३ साली बाबा आमटे यांनी इथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी शहर सोडून इथं राहायला आले.

डॉक्टर आले, औषधं आली. पण रोगी येईनात! लोक त्यांना बघून दूर जात. का बरं? माणसं अनोळखी, बोलीही अनोळखी. ज्याचं बोलणं कळत नाही, त्याच्या हाती आपलं लेकरू कोण देईल?

मग डॉक्टर नवराबायको माडिया बोली शिकले. लोकांच्या अंगावर पुरेसं वस्त्र नाही, हे प्रकाशभाऊंनी पाहिलं. त्यांनी शहरी कपडे सोडले. बनियन आणि अर्धी चड्डी हाच पोशाख ठेवला. हळूहळू लोकांची भीती गेली. रोगी येऊ लागले. त्यांच्यासोबत घरची माणसंही येऊन राहू लागली.

१९७६ साली तिथं शाळा निघाली. डॉक्टरांची मुलं माडिया मुलांबरोबर त्याच शाळेत शिकली. या शाळेतली माडिया मुलं पुढं डॉक्टर झाली, शिक्षक झाली. २००८ साली डॉक्टर नवराबायकोला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता आपल्या घराकडे वळू. परक्या मुलखात त्यांना नवी बोली शिकावी लागली. आपल्या घरात तर सगळ्यांची बोली एकच. तरी आपण बोलतो का? म्हातारा बाप ओट्यावर गप्प बसतो. आपण म्हणतो, "जेवला ना? मग झालं!" सून दिवसभर राबते. तिच्या कानावर येतं ते एवढंच, "आज मीठ कमी पडलं." पोरगा नापास झाला, तर मार आधी, विचारणं मागून.

मंडळी, रोज घटकाभर जवळ बसा. आधी ऐका. मधे तोडू नका. उपदेश नंतर करता येतो.

कधी एखाद्याला झोप येत नाही, अन्न जात नाही. "जगून काय करू?" असं तो म्हणतो. त्याला हसू नका. रागावू नका. एकटं सोडू नका. मनालाही आजार होतो आणि त्यावर इलाज आहे. त्याला दवाखान्यात न्या. १४४१६ या नंबरावर फोनही करता येतो. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. तिला पैसे पडत नाहीत.

बोला आणि लिहा :
१. हेमलकशाला सुरुवातीला रोगी का येत नव्हते?
२. डॉक्टर नवराबायकोनं मग काय केलं?
३. आज घरात तुम्ही कुणाची विचारपूस केली? त्यानं काय सांगितलं?