सर्वनामाचा आडोसा : हाउसमनची एक कविता आणि मराठी अनुवादाचा प्रश्न

भावकवितेतील 'मी' पुरुष असला की 'तू' ही स्त्रीच असणार, असे आपण अध्यापनात व समीक्षेत बहुधा गृहीत धरतो. हे गृहीतक संहितेतून येते की वाचकाच्या सवयीतून, हा प्रश्न ए. ई. हाउसमन (१८५९–१९३६) या इंग्रजी कवीच्या एका कवितेच्या आधारे प्रस्तुत लेखात तपासावयाचा आहे.

हाउसमन १८७७ मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झाला. तेथे मोझेस जॅक्सन हा विज्ञानाचा विद्यार्थी त्याचा जिवलग मित्र झाला. पुढे दोघेही लंडनच्या पेटंट कार्यालयात नोकरीस होते व १८८५ पर्यंत एकाच बिऱ्हाडात राहिले. हाउसमनच्या मनात या मैत्रीचे रूपांतर प्रेमात झाले. जॅक्सनच्या लेखी ती मैत्रीच राहिली. १८८५ च्याच कायद्याने इंग्लंडमध्ये पुरुषांमधील शरीरसंबंध व्यापक अर्थाने गुन्हा ठरले होते. १८८७ मध्ये जॅक्सन तत्कालीन मुंबई इलाख्यातील कराची येथे सिंध महाविद्यालयाचा प्राचार्य म्हणून गेला. १८८९ मध्ये तो विवाहासाठी इंग्लंडला आला, तेव्हा हाउसमनला निमंत्रण नव्हते. तथापि संबंध तुटला नाही. हाउसमनने मनिलियसच्या ग्रंथाच्या संपादित आवृत्तीचा पहिला खंड (१९०३) लॅटिन पद्यातून जॅक्सनला अर्पण केला. कॅनडात मरणासन्न असलेल्या या मित्राच्या हाती पडावा म्हणून 'लास्ट पोएम्स' हा संग्रह त्याने १९२२ मध्ये त्वरेने प्रसिद्ध केला. पुढच्याच जानेवारीत जॅक्सन निवर्तला.

कवीच्या मृत्यूनंतर त्याचा भाऊ लॉरेन्स याने प्रसिद्ध केलेल्या 'मोअर पोएम्स' (१९३६) मधील एकतिसावी कविता येथे विचारात घ्यावयाची आहे. पुरुषाने बोलून दाखवू नये असे आपले प्रेम समोरच्या व्यक्तीला जाचले. दोघे कोरडेपणाने दुरावले. विसरण्याचे वचन दिले गेले आणि ते पाळल्याची साक्ष आता थडग्यापाशी मिळेल, असा तिचा आशय. विसरण्यासाठी मरावे लागले, हा तिच्यातील उपरोध होय. निवेदक पुरुष आहे हे कविता सांगते. संबोधित व्यक्तीचे लिंग मात्र शेवटपर्यंत सांगत नाही. 'यू' हे सर्वनाम आणि त्याचे क्रियापद लिंगनिरपेक्ष असल्याने कवीला हा आडोसा सहज लाभला.

मराठीत तो सहज लाभत नाही. अनुवादक आरंभीच अडतो : 'तू मला आवडलास' म्हणावे की 'आवडलीस'? 'आवडलीस' म्हटल्यास संहितेत नसलेली स्त्री निर्माण होते. 'आवडलास' म्हटल्यास कवीने झाकलेले आपण उघड करतो, आणि ज्या न बोलण्यावर ही कविता उभी आहे तेच नाहीसे होते. परंतु मराठी व्याकरणात तिसरी वाटही आहे. 'मी तुझ्यावर प्रेम केले' या कर्मणी प्रयोगात किंवा 'तू निरोप दिलास' या रचनेत 'तू'चे लिंग प्रकट होत नाही. 'तू इथून गेलास तर' याऐवजी 'तू इथून जाशील तेव्हा' असा भविष्यकाळ योजता येतो. 'थांब', 'विसर' ही आज्ञार्थी रूपे तर मुळातच लिंगनिरपेक्ष आहेत. मराठीतही आडोसा शक्य आहे. मात्र तो जाणीवपूर्वक उभारावा लागतो.

यातून अध्यापकाच्या दृष्टीने दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, चरित्र हा कवितेचा एकमेव अर्थ नव्हे. नाकारल्या गेलेल्या कोणत्याही प्रेमाला ही कविता आपली वाटू शकते. दुसरी, या व्यापकतेचा आधार घेऊन मौनाचे कारण पुसून टाकणे हे वाचन नव्हे. लॉरेन्सने भावाच्या या प्रेमाविषयीचा आपला लेख १९४२ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे मोहोरबंद ठेवण्यास दिला. तो १९६७ मध्ये खुला झाला. इंग्लंड व वेल्समध्ये प्रौढ पुरुषांमधील खाजगी संबंध गुन्ह्यातून वगळणारा कायदाही त्याच वर्षीचा. कवितेतील 'तू'ला स्त्रीलिंगी प्रत्यय लावण्यापूर्वी तो कोणी लावला, कवीने की आपण, हे विद्यार्थ्याला विचारावयास लावणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.