रविवारचा राजगड आणि सुटलेले पोट

प्रश्न : वय 38, वजन 65 किलो. घर भोरला, नोकरी शिरवळच्या कारखान्यात, बसून. दर रविवारी राजगड नाहीतर तोरणा चढतो. वजन जागचे हलत नाही, पोट मात्र सुटले आहे. वेल्ह्याकडचे आमचे आजोबा दोन्ही वेळा भात खात आणि शेवटपर्यंत सडसडीत होते. मी भात सोडू का? आणि चढण चढून चरबीचे स्नायू होतात, हे खरे का?

उत्तर : शेवटची शंका आधी घेऊ. चरबीचे स्नायू होत नाहीत आणि व्यायाम सुटला म्हणून स्नायूंची चरबीही होत नाही. दोन्ही पेशी वेगळ्या. पण स्नायू झिजले आणि तेवढीच चरबी साठली, तर काट्यावरचा आकडा तोच राहतो. तुमचे बहुधा असेच झाले आहे.

यावर पुण्यातलाच दाखला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2! याज्ञिकांच्या गटाला पुण्याजवळच्या सहा खेड्यांत असेही आढळले, की आपली बाळे ब्रिटिश बाळांपेक्षा जन्मतःच बरीच हलकी असतात (सरासरी 2.7 किलो, तिकडे 3.5), पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नसते. थोडक्यात, आपल्याकडे स्नायूंचे भांडवल मुळातच कमी.

आता आजोबा. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. चिखलणी, लावणी, डोक्यावरून भारे वाहणे यांत आजोबांचे स्नायू रोज राबत. राबणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहताही साखर ओढून घेतो. त्यामुळे त्यांचा भात खर्ची पडे. तुमचा भात खुर्चीवर बसून राहतो.

मग रविवारचे काय? चांगलेच आहे, पण एका चढाईचा साखरेवरचा परिणाम दोन-तीन दिवसांत ओसरतो. शिवाय किलोभर चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात, एका चढाईत काही शेच जळतात, आणि त्याही गडावरच्या पिठलं-भाकरी-दह्यात बऱ्याचशा भरून निघतात. (ते दही सोडा असे मी म्हणणार नाही.) सोमवारी मांड्या धरतात, त्याचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडले जाते, तेही चूक. ते आम्ल तासा-दोन तासांत निवळते. उतरताना ताणल्या जाणाऱ्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून दुखते.

तेव्हा भात सोडू नका, त्याचा वाटा कमी करा. प्रौढाला किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. तुम्हाला सुमारे 54. शंभर ग्रॅम तांदळात ती जेमतेम सात-आठ, तेवढ्याच डाळीत बावीसच्या आसपास. म्हणून घट्ट वरण, वालाची उसळ, हुलग्याचे पिठले, अंडी यांना ताटात जागा द्या. मात्र नुसत्या प्रथिनांनी स्नायू वाढत नाहीत, त्यांना ओझे हवे. आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, जोर, वजन उचलणे आणि रोज अर्धा तास झपझप चालणे धरा.

आणि काट्याऐवजी टेप वापरा. बेंबीच्या पातळीवर पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर, स्त्रीची 80 ओलांडत असेल, तर भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात उपाशीपोटी साखर एकदा तपासून घ्या.